तलावाच्या पाळीवरचा लाल पट्टा

आपलं काम चुकलं म्हणून आनंदानं रडलेली बाई तुम्ही कधी पाहिली नसेल, तर ती मी. भर उन्हात, तलावाच्या पाळीवर, धुणं धुणाऱ्या बायांच्या देखत मी फतकल मारून बसले, आधी हसले आणि मग रडले. माझी माय घाबरून माझ्या कपाळाला हात लावून पाहत होती. ताप परत आला की काय, असं तिला वाटलं.

पण हे असं मधूनच सांगितलं तर कुणाला काही कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

मी आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात राहते. माझं काम काय, हे माझ्या नवऱ्याला अजून लोकांना सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर गावं मोजते," एवढं म्हणून तो विषय बदलतो. तसं ते फार चूक नाही. ड्रोन वर जातो, वावरात वखर फिरवावा तसा एका ओळीनं जातो, वळतो, शेजारच्या ओळीनं परत येतो, आणि सगळा वेळ खाली बघून फोटो काढत राहतो. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतला बराचसा भाग पुन्हा आलेला असतो. तीच वस्तू वेगवेगळ्या ठिकाणांवरून दिसली की कॉम्प्युटरला ती किती उंच आहे, किती खोल आहे ते कळतं. आपले दोन डोळेही तेच करतात. मग त्या फोटोंतून सगळं गाव उठावदार तयार होतं. पाळ, नाला, टिनाची छप्परं, दारातला पऱ्हाटीचा ढीगसुद्धा.

वर्षभरानं पुन्हा तेच करायचं आणि जुन्या गावातून नवं गाव वजा करायचं. जे खाली गेलं ते लाल दिसतं, जे वर आलं ते निळं, आणि जे जागच्या जागी आहे ते पांढरं. कुठं काठ ढासळला, कुठं भिंत कलली, कुठं मुरूम चोरून नेला, सगळं त्या रंगांत येतं. मला हे काम मनापासून आवडतं. माणसं खोटं बोलतात, माती बोलत नाही, असं मी तेव्हा फार ऐटीत सांगायची.

यात एक मेख आहे. ड्रोनला स्वतः किती उंचावर आहोत हे नेमकं कळत नाही. म्हणून आम्ही जमिनीत आधी खुणेचे दगड बसवतो. यंत्रानं त्यांची उंची पक्की मोजतो आणि कॉम्प्युटरला सांगतो, बाबा, हे दगड एवढ्या उंचीवर आहेत, बाकीचं सगळं यांच्यावरून ठरव. दगड काही चालत नाहीत, म्हणून त्यांच्यावर भरवसा.

जुन्या तलावांच्या पाळी तपासायचं काम आमच्याकडं आलं तेव्हा त्यात माझ्या माहेरचा तलावही होता. बाजारहत्नूरच्या बाजूला आमचं गाव. मी हट्टानं ते काम मागून घेतलं. तलावाच्या पाळीच्या पायथ्याशीच आमची गल्ली आहे. भरल्या पाण्याच्या खाली घर बांधायला कोण तयार होतं, म्हणून ती जागा आमच्या लोकांच्या वाट्याला आली होती. हे गावात कुणी बोलून दाखवत नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. आमचे आजा-आजी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायचे. बाप कचेरीत कारकून झाला, भाऊ मास्तर झाला. बापाच्या माघारी भावानं घरावर स्लॅब टाकला. माय तो स्लॅब अजून रोज झाडते, एक पान पडू देत नाही.

पहिल्या मोजणीला मी स्वतः गेले होते. पाच दगड बसवायचे होते. काळ्या फरशीचे तुकडे, वर पांढऱ्या रंगाची फुली, आणि जमिनीच्या बरोबरीनं गाडायचे, म्हणजे ढोरांच्या पायात येत नाहीत. आमच्या गल्लीच्या वरचा दगड मी माझ्या हातानं बसवला. माय खालून किटलीत चहा घेऊन चढून आली.

"हे काय गाडून राह्यली वं?"

"खुणेचा दगड. याच्यावरून सगळ्या गावाची उंची मोजायची."

"सगळ्या गावाची? वरच्या आळीची बी?"

"वरच्या आळीची बी, देवळाची बी, वावरांची बी."

"अन् दगड तू लावला."

"मीच लावला. दिसत नाही का?" मी घामानं भिजलेली होते आणि अजून दोन दगड बाकी होते.

तिनं चहा ओतून दिला. मग म्हणाली, "तुया आज्यानं जमीन मोजणाऱ्या गिरदावराची साखळी लई वढली, उनातानात. पण दगड लावाची येळ आली का तेले मांगं सरकाले लावत. हात नाई लावू देत दगडाले."

हे मी आधीही ऐकलेलं होतं. मी नुसतं हो हो केलं, कप परत दिला आणि निघता निघता म्हटलं, "याच्याकडं लक्ष ठेवजो माय. कोणी हलवू नये."

"माया डोयासमोर हाय थो," माय म्हणाली.

वर्ष गेलं. दुसऱ्या मोजणीच्या वेळेस मला टायफॉइड झाला. मग आमचा ड्रोन उडवणारा एकटाच गेला. हा माणूस आदिलाबादचाच, माझ्याच वयाचा, पोटानं सुटलेला, आणि बोलणं अस्सल दखनी. पहिल्या वर्षी तो आमच्यात नव्हता. जाऊन आला, फोनवर म्हणाला, "मॅडम, एकदम फस्‌क्लास काम हो गया. सब निशान चकाचक दिख रहे." फोटो त्यानं माझ्या घरी आणून दिले. मी बाजेवर उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम सुरू केलं. पाचही फुल्या फोटोत स्वच्छ दिसल्या. आमच्या गल्लीवरची फुली तर इतकी पांढरीशुभ्र, जशी कालच काढली. तिच्या एका कडेला बारीक पांढरी रेघ होती. कुणाचा चुना सांडला असेल म्हणून मी पुढं गेले.

मग वजाबाकी केली.

सगळं गाव पांढरं. पाळही पांढरी, अर्ध्यापर्यंत. तिथून पुढं गुलाबी, मग लाल, आणि आमच्या गल्लीच्या अगदी वर गडद लाल. दीड वीत पाळ खचलेली दिसत होती. मातीच्या पाळीसाठी दीड वीत म्हणजे थट्टा नाही. त्या गडद लालाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका होता. तो माझा दगड. दगड पक्का बसलाय आणि भोवतालची माती खाली गेलीय, असा मी त्याचा अर्थ लावला.

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. तेच. पुन्हा केलं. तेच. नवरा म्हणाला, आधी जेव. मी त्याच्या अंगावर खेकसले. नकाशा पाठवू नये असं मनात आलं नाही म्हटलं तर खोटं होईल. आलं. ती आमची गल्ली होती, भावाचा स्लॅब होता. पण तलाव भरल्यावर पाळ फुटली असती तर त्याच स्लॅबखाली माझी माय असती. मी तोंडावर पाणी मारलं आणि नकाशा हे काम देणाऱ्या इंजिनिअर साहेबांना पाठवून दिला.

साहेब तेलुगू, वयानं मोठे, माणूस शांत. त्यांनी लगेच फोन केला. मोडक्या हिंदीत म्हणाले, "अम्मा, ये तो आपका गाव है ना?" मी हो म्हटलं. मग त्यांनी काय करावं लागेल ते सांगितलं. पावसाळा तोंडावर होता. पाळ दुरुस्त करायला वेळ नाही. म्हणजे जेसीबी लावून पाळ त्या टोकाला कापून ठेवायची, तलाव यंदा भरूच द्यायचा नाही. कापलेल्या जागेतून येणाऱ्या पाण्याला वाट लागणार, आणि ती वाट आमच्या गल्लीतून. मधली घरं काढावी लागतील. तोवर माणसांनी शाळेत राहायचं. मधलं घर म्हणजे पहिलं आमचंच.

भावाला मी फोनवर सांगितलं. तो मास्तर माणूस, त्यानं वाद घातला नाही. "बरं," म्हणाला, आणि मग, "स्लॅबचं पाणी सुद्दा नीट मारलं होतं वं आपण." त्याचं ते ऐकून मला रडू फुटलं.

गल्ली हलू लागली. कुणाच्या कोठ्या, कुणाच्या शेळ्या, कुणाचा टीव्ही ट्रॅक्टरवर चढला. वरच्या आळीचे लोकही सुखात नव्हते. तलाव भरला नाही तर त्यांची वावरं कोरडी. सगळ्या गावाचं एकच म्हणणं, मास्तरच्या बहिणीनं हे काय काढलं! एक जण तर भावाला म्हणाला, "तिले सांग, ते मशीन झाकून ठेव." आणि माझी माय? माय दारात बाज टाकून बसली. उठेचना.

"माय, काऊन अशी करून राह्यली तू?" मी फोनवर ओरडले. "भिंत कोसळंल अंगावर, पाणी यील!"

"मी पाळीवर रोज जातो. मले तं कुठं खचेल नाई दिसली."

"तुया डोयाले दिसत नाही ते. म्हणून तं ड्रोन!"

"मंग तू ये. तुयासंगच जाईन."

"मले उभं राहवत नाई अजून."

"मंग बरी झाली का ये. मी बसेल हाय इथंच."

आता हिला काय म्हणावं! डोकं फिरलं माझं. जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. मी ड्रोनवाल्याला म्हटलं, गाडी काढ. तो म्हणाला, मॅडम, आपकी तबियत. मी म्हटलं, तबियत गेली खड्ड्यात, गाडी काढ. मोजणीचं यंत्र त्याच्या गाडीत नेहमीच असतं. तेही आपलं सोबत आलं. नवऱ्यानं ग्लुकोजची बाटली माझ्या हातात कोंबली.

गावात पोचलो तेव्हा दुपार चढलेली. गल्ली ओळखू येत नव्हती. दारं उघडी, आत रिकामं. फक्त आमच्या दारात माय, बाजेवर, पदर डोक्यावर, पायाशी तिची पेटी. मला पाहताच उठून आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काय हालत केली वं सोताची! काटकी झाली नुसती."

"माय, गाडीत बस."

"बसतो. आधी वर चाल. तुले एक दाखवाचं हाय."

"काय दाखवायचं? पाळ खचली, लोकांची घरं चालली, अन् तुले दाखवायचं सुचतं?"

"तुले डोयानं दाखवाचं म्हणून तं इतके दिवस फोनवर सांगतलं नाई. आता घरच नाई राह्यलं तं केव्हा दाखवू? चाल. मंग म्हणशील तिथं येतो."

ड्रोनवाल्यानं माझा एक दंड धरला, मायनं दुसरा, आणि आम्ही पाळीच्या पायऱ्या चढलो. उन्हाळ्यानं तलाव आटला होता, तरी मधे पाणी होतं आणि काठावर चार बाया धुणं धूत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तोंडं फिरवली. गाव उठवणारी बाई आली ना.

आणि मग मला तो ओटा दिसला.

छान, चौकोनी, विटांचा ओटा. चारी बाजूंनी चुन्यानं पांढरा केलेला, आणि वरच्या कडेखालून सगळीकडून निळी पट्टी. वरचा भाग आपल्या कोणत्याही ओट्यासारखा शेणमातीनं सारवलेला. आणि सारवलेल्या भागाच्या मधोमध माझा काळा दगड, त्याच्यावर नवी पांढरी फुली.

"पाय," माय म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "धुणं आपटत होत्या या त्याच्यावर. गोधड्या! माया लेकीचा दगड, अन् ह्या गोधड्या आपटून राह्यल्या. शेळ्या बसत. मी भांडली, पण कोण आयकते? तूच म्हणली होती का लक्ष ठेवजो. मंग मिस्तरीले बोलावलं. म्हटलं, उचलून वर बसव, म्हंजे कोणाचा पाय नाई लागत. इहाराले लावून निळा रंग उरला होता, थो लावला."

विहाराचा उरलेला निळा रंग. मी दगडाकडं पाहत उभी होते.

माय घाईघाईनं पुढं म्हणाली, "जागा नाई हलू देली बरं. ओळंबा लावून, सुतळी धरून, जिथल्या तिथंच. एक बोट इकडं नाई का तिकडं. मिस्तरीले मी म्हटलं, हाललं तं माया लेकीचं सारं गाव हालंल."

जागा नाही हलू दिली! खरंच नव्हती दिली. म्हणून तर फोटोत मला काही कळलं नाही. वरून बघणाऱ्याला तीच फुली, त्याच जागी, भोवती तीच मातीच्या रंगाची शेणमाती. दगड सरळ वर उचलला गेला होता आणि कॉम्प्युटरला मी जुनीच उंची सांगितली होती. दगड जुन्याच उंचीवर आहे असं धरल्यावर, भोवतालची पाळ त्यानं बिचाऱ्यानं खाली ढकलली. पाच दगडांतला एक वर चढून बसला होता आणि त्या टोकाला विचारायला दुसरा दगड नव्हता.

मी ओट्याशेजारी हात लावून पाहिलं. वीत टाकली, आणखी अर्धी टाकली. दीड वीत. लाल पट्ट्यात जेवढी खचली होती तेवढीच.

मग मी खाली बसले. ते हसणं आणि रडणं, आधी सांगितलं ते, तेव्हाचं. मायनं कपाळाला हात लावला. "का झालं वं? काऊन रडून राह्यली? वंगाळ झालं का?"

"पाळ नाही खचली, माय," मी म्हटलं. "दगड वर आला."

"मंग?"

"मग काही नाही. घर नाही जात आपलं. कोणाचंच नाही जात."

ड्रोनवाला तोंडाचा आ करून उभा होता. मी त्याच्याकडं वळले. "तुम्ही इथं आला होतात ना? हा ओटा दिसला नाही?"

"दिखा ना मॅडम," तो म्हणाला. "मेरेको लगा पैलेसेच ऐसा है. बहुत बढिया बनाए बोलके उसपेच बैठके डब्बा खाया मैं."

मायनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरकला. माझ्या दगडावर गोधड्या नाही आपटू द्यायच्या म्हणून बाईनं भांडणं केली, आणि हा त्यावर बसून वांग्याची भाजी खाऊन आला होता.

पण नुसत्या विती टाकून कुणाचं घर वाचत नाही. वाचवणारा आकडा यंत्राचा पाहिजे. गाडीतून यंत्र आणलं, ओट्यावरच्या दगडावर मांडलं. ते उभं असेपर्यंत माय त्याच्या शेजारी छत्री धरून उभी राहिली, त्याला ऊन लागू नये म्हणून. आकडा आला. तो तिथंच लॅपटॉपमध्ये टाकला आणि भावाच्या रिकाम्या घरात, जमिनीवर मांडी घालून सगळं पुन्हा चालवलं. कॉम्प्युटर वेळ घेत होता. भाऊ येरझाऱ्या घालत होता. शाळेतून निम्मी गल्ली परत येऊन दारात उभी होती. कुणी काही बोलत नव्हतं, आणि आमच्या गल्लीत हे कधी घडत नाही.

नकाशा उघडला. पाळ पांढरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी.

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं नुसतं स्लॅबकडं पाहिलं. मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, जेसीबी थांबवतो, पण सकाळी मी स्वतः येऊन पाहीन. बरोबरच होतं त्यांचं. एकदा चुकलेल्या नकाशावर दुसऱ्यांदा कोण डोळे मिटून विसंबेल?

सकाळी ते आले, त्यांच्या माणसांना आणि तिपाईवरच्या दुर्बिणीला घेऊन. पाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी उभी करत गेले. सगळं गाव मागून चालत होतं, वरच्या आळीचेही. शेवटी साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "एमी कालेदम्मा." म्हणजे काहीसुद्धा झालेलं नाही. मागच्यांना तेलुगू येतच होतं. एकदम जो कालवा उठला, त्यात जेसीबीचा ड्रायव्हरही टाळ्या वाजवत होता. बिचाऱ्याचं काम गेलं होतं, तरी.

मग साहेबांनी ओटा पाहिला. भोवती एक चक्कर मारली. कुणी सांगितलं, कुणी बांधला, सगळं विचारलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला तेलुगूत म्हणाले, "दगड खाली बसवून घ्या अम्मा, पहिल्यासारखा."

मायला तेलुगू कळतं. ती खाली उतरली, घरातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन वर आली. आदल्या दिवशीचा उजळलेला चेहरा पार विझला होता. एवढ्या लोकांना आपल्यामुळं घरं सोडायला लागली, हे तिला आता नीट समजलं होतं. ओट्याच्या कोपऱ्याशी उकिडवी बसून तिनं सब्बल विटेच्या फटीत घातली.

"थांब माय."

"नाई, काढतो मीच. चुकलं मायं."

"थांब म्हटलं ना!" मी तिच्या हातातून सब्बल ओढूनच घेतली. मग साहेबांकडं वळले. रागानं माझा आवाज चढला होता, आणि तो राग कुणावर होता ते मला आजही सांगता येत नाही. "सर, याची नवी उंची मी मोजली आहे. दगड पक्का आहे, वरून सगळ्यांत स्वच्छ हाच दिसतो, आणि यावर धुणं पडत नाही. याच्या दोन्ही बाजूंना मी आणखी एकेक दगड बसवते, म्हणजे पुन्हा असं झालं तर ते सांगतील. पण हा इथंच राहील."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग मातीत उकिडव्या बसलेल्या मायकडं. "सरे," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि चहाला कुठं जायचं ते विचारलं.

चहा आमच्याच घरी झाला. गल्लीची भांडीकुंडी परत येत होती, शेळ्या परत येत होत्या. कुणी कुणाचा टीव्ही चुकून आणला म्हणून भांडण सुरू झालं होतं, म्हणजे सगळं ठीक होतं. साहेब गेल्यावर मी बाजेवर पडले. माय माझ्या उशाशी येऊन बसली. लॅपटॉप उघडाच होता. तिनं पडद्याकडं बोट केलं.

"हे पाळ?"

"हो."

"अन् पांढरी म्हंजे चांगली?"

"पांढरी म्हणजे जागच्या जागी. लाल म्हणजे खाली गेलेली. निळं म्हणजे वर आलेलं."

ती पार वाकून पाहू लागली. तिला चष्मा लागतो, पण घालत नाही. पांढऱ्या पाळीवरून तिचं बोट हळूहळू सरकत आमच्या टोकापर्यंत आलं आणि थांबलं. तिथं एक अगदी बारका चौकोन होता. सगळ्या पाळीवर वर्षभरात वर आलेली तेवढी एकच जागा.

"हे काय हाय?"

"तो तुझा ओटा."

मायनं बोट तिथून काढलं नाही.

"निळाच रंग देला का वं यानं?" ती म्हणाली.

"हो माय. निळाच."